कार्पेट बसवताना कटर कुठे चुकतो: धार, कापण्याची वेळ आणि भिंतीलगतची शेवटची बोटभर पट्टी

कार्पेट बसवण्याच्या कामातल्या बऱ्याच चुका निस्तरता येतात. अंडरले, म्हणजे कार्पेटखालचा मऊ थर, तिरका पडला तर उचलून पुन्हा टाकता येतो, ग्रिपर पट्टी, म्हणजे कार्पेट अडकवायची खिळ्यांची पट्टी, चुकीच्या जागी ठोकली तर उपटता येते, ताण कमी पडला तर पुन्हा देता येतो. कटर एकदा फिरला की मात्र परत फिरता येत नाही. बिघडलेल्या कामाकडे नीट पाहिलं तर हात थरथरल्यामुळे झालेलं नुकसान क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा कापण्याची वेळ चुकलेली असते: ताण देण्याआधीच नेमका काप घेतलेला असतो, पाठीकडून कापताना डावं-उजवं उलटलेलं असतं, किंवा बोथट पात्यावर जोर देऊन काम पुढे रेटलेलं असतं.

इथे अंडरले आणि भिंतीलगतच्या ग्रिपर पट्टीवर ताणून बसवायचं टफ्टेड कार्पेट, म्हणजे पाठीच्या कापडात सुईने धागे ओवून केलेलं, धरलं आहे. थेट जमिनीला चिकटवायच्या कार्पेटचा फरक गरज पडेल तिथे सांगितला आहे.

पातं

कार्पेटच्या खास कटरमध्ये पातळ, आयताकृती पातं बसतं. त्याच्या दोन्ही लांब कडांना धार असते, म्हणून फिरवून आणि उलटवून चारही कोपरे वापरता येतात. नेहमीचा जाड पात्याचा युटिलिटी कटरही चालतो, पण जाड पातं लवेतून, म्हणजे कार्पेटच्या वरच्या उभ्या धाग्यांतून, जाताना तिला बाजूला सारण्याऐवजी दाबतं. तुकडे मोडत पुढे सरकवायचा स्टेशनरीतला कटर या कामाला घेऊच नका. पाठीच्या जाड कापडात त्याचं लांब पातं वाकतं, रेघ सोडून जातं आणि जोर दिला की टोक मोडून उडतं. हूक पातं, म्हणजे आकड्यासारखं आत वळलेलं, खाली जपायची फरशी असेल तेव्हा कामाचं, कारण त्याचं टोक खाली घासत नाही. जोडाची, म्हणजे दोन तुकडे जिथे जुळवायचे तिथली, कड मात्र त्याने कापू नये, तिथे सरळ धारच हवी.

कार्पेटच्या पाठीत पातं इतकं लवकर का मरतं? पाठीचे दोन थर लॅटेक्सने चिकटवलेले असतात आणि त्या लॅटेक्समध्ये भर म्हणून कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूसारख्या दगडाची, भुकटी मिसळलेली असते. म्हणजे प्रत्येक काप हा थोडाफार दगडातून जाणारा काप असतो. धार गेल्याचं डोळ्यांआधी हाताला आणि कानाला कळतं. ताज्या पात्याचा आवाज एकसारखा, कोरडा ‘सर्र’ असा येतो. धार उतरली की तो अडखळतो आणि हात नकळत जास्त दाब देऊ लागतो. मग कडेला पाठीच्या कापडाचे पांढरे धागे लोंबताना दिसतात. धागे दिसायला लागले म्हणजे पातं बदलायला उशीरच झाला. सोपा नियम ठेवा: साध्या खोलीत एका भिंतीला पात्याचा एक कोपरा, आणि जोडाच्या प्रत्येक कडेला कोरा कोपरा. कामात सगळ्यात स्वस्त वस्तू पातं असते आणि नेमकी तीच वाचवली जाते.

बोथट पातं धोकादायक असतं ते याच जादा दाबामुळे. अडकलेलं पातं अचानक सुटतं आणि वेगाने पुढे जातं. गुडघ्यावर बसून स्वतःकडे ओढत कापत असाल तर पुढे मांडीची आतली बाजू असते आणि तिथून मोठी रक्तवाहिनी जाते. थोडं तिरकं बसा, कापाची रेघ शरीराच्या बाहेरून जाऊ द्या. मोकळ्या हातात काप न लागणारा हातमोजा घाला आणि तो हात कायम पात्याच्या मागे ठेवा, समोर नाही.

वापरलेली पाती मोजून डब्यात टाका. अंडरलेवर ठेवलेलं एखादं पातं विसरलं गेलं आणि त्यावर कार्पेट पसरलं, तर ते पुढे कुणाच्या तरी तळपायाला सापडतं.

पात्याची लांबी आणि खाली काय आहे

पातं कार्पेटच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिमीच जास्त बाहेर काढा. मागून कापताना तर त्याहून कमी: फक्त पाठ कापली गेली पाहिजे, लव आपोआप दोन बाजूंना विलग होते. लांब काढलेलं पातं लव कापून टाकतं आणि मग जोडावर केस कातरल्यासारखी आखूड रेघ दिसत राहते.

खाली अंडरले असेल तर खोल काप त्यालाही चिरतो. ती चीर तेव्हा दिसत नाही, पण रोज पाय पडून तिथे पुढे खळगा होतो. कापायच्या रेघेखाली जुन्या कार्पेटचा तुकडा उलटा घालून किंवा पातळ प्लायची पट्टी सरकवून मगच कटर चालवा. जमिनीत तापवण्याच्या नळ्या किंवा तारा, जमिनीतले वीजजोड, अंडरलेखालून नेलेल्या केबल असतील तर त्यांच्या जागा आधी भिंतीवर चिकटपट्टीने खुणावून ठेवा. कार्पेट पसरल्यावर त्या आठवत नाहीत.

पहिला मोठा काप

मोजमाप भिंतीपासून भिंतीपर्यंत घ्यायचं ते सर्वांत रुंद जागी, आणि दाराच्या चौकटीच्या आत जाणारा भागही धरून. मग प्रत्येक भिंतीला ७५ मिमी जादा. समोरासमोरच्या दोन भिंतींना मिळून १५० मिमी होतात. नक्षीचं कार्पेट असेल तर जोडासाठी नक्षीची एक पूर्ण फेरी वेगळी धरा. हे कापड वाया जात नाही, ती काटकोन नसलेल्या खोल्यांची भरपाई आहे. गुण्या लावून पाहिलं तर कितीतरी खोल्या कोपऱ्यात १०-२० मिमी सुटलेल्या निघतात, आणि कार्पेटची कंपनीतून आलेली कड भिंतीशी समांतर येईल हे गृहीत धरणारा काप एका टोकाला कमी पडतो.

कापण्याआधी गुंडाळी उलगडून कार्पेट त्याच खोलीत किमान २४ तास पडू द्या. थंड, ताठ पाठ कटरखाली सरळ राहत नाही आणि वळलेल्या कडेवर घेतलेलं माप खोटं ठरतं.

मग पाठीवर लवेच्या दिशेचे बाण काढा, प्रत्येक तुकड्यावर एक. लव कोणत्या बाजूला झोपते हे वरून हात फिरवून कळतं, पण तुकडा उलटा पडला की अंदाज चुकतो. दोन तुकड्यांत लव विरुद्ध दिशेला गेली तर रंग एकच असूनही एक तुकडा गडद आणि दुसरा फिका दिसतो, आणि त्यावर काहीही उपाय नाही.

गुळगुळीत कापलेल्या लवेचं कार्पेट मागून कापतात: दोन्ही कडांना वरून छोटी खाच, कार्पेट उलटवून त्या दोन खाचांमध्ये खडूची लाइनदोरी, आणि स्टीलच्या पट्टीला टेकून काप. फासे न कापलेलं लूप कार्पेट मात्र वरूनच, दोन ओळींच्या मधून कापायचं. मागून मारलेली सरळ रेघ ओळीशी समांतर असेलच असं नाही. ती एका ओळीतून दुसऱ्या ओळीत शिरते आणि वाटेतले फासे अर्धे कापून टाकते. अर्धा कापलेला फासा पायाला किंवा झाडूला अडकला की धागा ओढला जातो आणि बघता बघता चेन उघडावी तशी ओळ निघत जाते.

मागून कापताना सगळ्यात महागडी चूक आरशाची असते. खोली इंग्रजी ‘एल’ आकाराची आहे, कोनाडा उजव्या हाताला आहे. कार्पेट उलटं पसरलं की तो कोनाडा पाठीवर डाव्या हाताला काढायला हवा. आराखडा हातात धरून सरळ तसाच उतरवला, की पूर्ण तुकडा उलट्या खोलीसाठी तयार होतो. उपाय साधा आहे: आराखड्याचा कागद उलटा करून उजेडासमोर धरा आणि मागून दिसतो तसाच पाठीवर उतरवा. जिथून काढून टाकायचं तिथे मोठी फुली मारा. मग कापणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला तरी एकदा विचारा की दार कुठल्या बाजूला येतंय.

ताणाआधी किती कापायचं

जादा कापड भिंतीवर उभं राहिलं की कोपऱ्यात कार्पेट फुगतं आणि सपाट पडत नाही. ते पडावं म्हणून काही चिरा ताणाआधी द्याव्याच लागतात. बहुतेक कामं इथेच फसतात.

पॉवर स्ट्रेचरने, म्हणजे समोरच्या भिंतीला टेकवून ताण द्यायच्या लांब दांड्याच्या साधनाने, कार्पेट लांबीत आणि रुंदीत साधारण १ ते १.५ टक्का ताणायचं असतं. ४ मीटरच्या खोलीत ते ४० ते ६० मिमी होतं. म्हणजे सुरुवातीच्या भिंतीपासून दूर असलेला कार्पेटचा प्रत्येक बिंदू ताणताना पुढे सरकणार आहे. आता बाजूच्या भिंतीतल्या दाराच्या चौकटीचा विचार करा. कार्पेट सैल असताना तुम्ही चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत तंतोतंत चीर दिली. ताण दिल्यावर तीच चीर चौकटीपासून तीन-चार बोटं पुढे सरकली, आणि जिथे सलग कापड हवं होतं तिथे उघडी चीर दिसू लागली. कापणाऱ्याचा हात सरळ होता, मापही बरोबर होतं. फक्त ते माप ताणाआधीचं होतं.

म्हणून ताणाआधीची चीर कोपऱ्याच्या अलीकडेच थांबवा. आतल्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती खोलीकडे उघडतात, तिथे उभ्या राहिलेल्या कापडाला वरच्या कडेपासून खाली चीर द्या आणि जमिनीपासून २५ मिमी वर थांबा. बाहेरच्या कोपऱ्यात, म्हणजे खांब, चौकट, भिंतीचं टोक अशा ठिकाणी, कडेकडून कोपऱ्याकडे तिरकी चीर जाते. तिथे मोठ्या खोलीत ५० मिमी तरी अलीकडे थांबा. कार्पेट पुरतं सपाट पडत नसेल तर नसू दे, ताणायला पुरेल एवढं बसलं की झालं.

ताण देऊन ग्रिपरच्या खिळ्यांवर कार्पेट अडकलं की उरलेलं अंतर दोन-तीन टप्प्यांत कापा. बाहेरच्या कोपऱ्यापाशी शेवटचे १० मिमी कसे जातात ते जवळून पाहा. चिरेच्या टोकाशी कार्पेट बोटाने दाबलं की पाठीवर घडी उमटते आणि ती घडी थेट कोपऱ्याच्या टोकाकडे बोट दाखवते. पातं त्या घडीत ठेवा, पाच मिमी कापा, कटर बाजूला ठेवा, दाबून पाहा. घडी कोपऱ्याला भिडली की तिथेच थांबा. अजून एक मिमी कापला तर कोपऱ्यापुढे फट उघडते आणि ताणाखाली ती चीर स्वतःहून वाढते.

भिंतीलगतचा काप

ग्रिपर पट्टी आणि भिंत यांच्यात जी खाच सोडलेली असते ती कार्पेटच्या जाडीपेक्षा थोडी कमी, जाडीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते. ही खाच ६ ते १० मिमी असते. कापलेली कड त्या खाचेत खाली वळून दडते. जादा राहिलेलं कापड खाचेत मावत नाही आणि भिंतीच्या कडेने उंचवटा येतो. कमी राहिलेलं खाचेपर्यंत पोचत नाही, मग कापलेली कड आणि खिळे उघडे दिसतात. लांब राहिल्याची चूक कापून सुधारते, आखूड पडल्याची सुधारत नाही, म्हणून दोन फेऱ्यांत कापा. पहिल्या फेरीत भिंतीवर उभं असलेलं कापड २५-३० मिमीवर आणा. दुसऱ्या फेरीत ८-१० मिमी ठेवून अंतिम काप घ्या, आणि तोही प्रथम दोन हातभर लांबीचा. तेवढं खाचेत दाबून पाहा. बसलं तर पुढची भिंत त्याच मापाने.

आखूड काप येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे न दाबलेली गोलाई. कार्पेट भिंत आणि जमिनीच्या कोनात नीट बसलेलं नसतं, कमानीसारखं वळलेलं असतं. पातं कोनाकडे रोखलं तरी ते कमानीलाच आधी भिडतं, आणि रेघ भिंतीच्या बोटभर अलीकडे पडते. स्टेअर टूलने (कार्पेट कोनात दाबायचं रुंद बोथट हत्यार) किंवा रुंद बोथट छिन्नीने आधी पूर्ण भिंतभर घडी पक्की करा. नुसत्या बोटांनी ती धारदार होत नाही.

दुसरं कारण पात्याचा कल. मूठ खोलीकडे झुकवलेली आणि टोक भिंतीकडे असेल तर काप भिंतीला चिकटून राहतो. मूठ भिंतीकडे कलली की टोक कार्पेटखाली खोलीच्या बाजूला शिरतं, वरून कड पुरेशी वाटते पण पाठ आत खाल्लेली असते. ताणाला धरून ठेवते ती पाठच. मात्र टोक भिंतीकडे ठेवल्यावर स्कर्टिंगवर ओरखडे येतात. कटर आणि स्कर्टिंगच्या मधे पुट्टी लावायची रुंद पत्री धरा आणि तीही कटरबरोबर सरकवत न्या. वॉल ट्रिमर, म्हणजे भिंतीला टेकवून कड कापायचं साधन, असेल तर त्याची उंची एका तुकड्यावर तपासून मगच भिंतीला लावा. कोपऱ्याच्या शेवटच्या १५० मिमीत तो पोचत नाही, तिथे हातानेच काम करायचं.

चिकटवायच्या कार्पेटला खाच नसते, त्यामुळे अंतिम काप भिंतीला तंतोतंत टेकवावा लागतो. तिथेही क्रम तोच: गोंदात नीट दाबून झाल्यावर, घडी पक्की करून, मगच कापायचं.

जोडाच्या कडा

कंपनीतून आलेली मूळ कड जोडायला वापरू नका. वाहतुकीत ती दबलेली असते आणि शेवटच्या ओळी विरळ असतात. दोन्ही तुकड्यांची कड किमान २५ मिमी आत कापून घ्या.

लूप कार्पेटमध्ये आणि ओळी दिसणाऱ्या लवेत कापायची ओळ आधी उघडावी लागते. बोथट स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन ओळींच्या मधे ठेवा आणि हलक्या दाबाने ओढत न्या. टोक आपोआप घळीत चालतं, भांगासारखी रेघ उघडते आणि तळाशी पाठीचं कापड दिसतं. ते टोक मधेच डगमगलं किंवा फासा अडवू लागला तर ओळ सुटली असं समजा आणि मागे जाऊन पुन्हा शोधा. घळ उघडली की पातं तीत घालून कापा. या टप्प्यावर स्टीलची पट्टी लावू नका. कार्पेटच्या ओळी अनेकदा किंचित वळलेल्या असतात, आणि सरळ पट्टी त्यांच्यामधून आडवी जाते.

पातं जवळपास उभं धरा आणि टोक किंचित तुकड्याच्या आत कलवा, म्हणजे पाठ लवेपेक्षा केसभर आत कापली जाईल. उलट कललं तर दोन तुकडे भिडताना पाठी एकमेकींना ढकलतात आणि जोड घराच्या कौलासारखा उचलला जातो. कल जास्त झाला तर मात्र खाली फट राहते. एक तुकडा दुसऱ्यावर चढवून दोन्ही एकदम कापायची सवय लवेच्या कार्पेटला टाळा, खालच्या तुकड्याची लव नको तिथे कापली जाते. आधी एक कड तयार करा आणि तिला धरून दुसरी कापा.

कापल्याबरोबर दोन्ही कडांना पाठीच्या जाडीएवढं सीलर, म्हणजे कड उसवू नये म्हणून लावायचा गोंद, लावा. ‘नंतर लावू’ म्हणून ठेवलेल्या कडा उचल-ठेवीत उसवतात. विणलेल्या कार्पेटला तर एक मिनिटही थांबू नका.

दार, नळ, जमिनीतले वीजजोड

दारातला काप सगळ्यात शेवटी. कड बंद दाराच्या जाडीच्या मध्याखाली यायला हवी, म्हणजे दार लावल्यावर कोणत्याच खोलीतून दुसरीकडचं कार्पेट दिसत नाही. दार खरोखर बंद करून दोन्ही बाजूंनी पेन्सिलने खूण करा.

जमिनीतून वर येणाऱ्या नळासाठी चीर जवळच्या भिंतीकडून, नळाच्या मागून आणा. नळाच्या जागी त्याच्या व्यासापेक्षा लहान फुली कापा, कार्पेट खाली दाबा आणि मग वर उभ्या राहिलेल्या पाकळ्या कातरा. वर्तुळ आधीच कापलं तर ते नेहमी मोठं होतं. मागची चीर पट्टी आणि सीलरने बंद करायला विसरू नका.

जमिनीतला वीजजोड असेल तर मुख्य वीज बंद करून, ताण पूर्ण झाल्यावर, मध्यातून बाहेर फुली कापा आणि चौकटीच्या २० मिमी आत थांबा. उरलेला भाग झाकण बसवून पाहत कापायचा.

चुकून कापलंच तर

कार्पेट ओढू नका, तुकडा फेकू नका. मधोमध पडलेली सरळ, स्वच्छ चीर बहुतेकदा वाचते: दोन्ही कडांना सीलर, खाली जोडपट्टी, कडा भिडवून वजन ठेवा. दाट लवेत ती चीर शोधावी लागते. घाबरून तिच्याभोवती चौकोन कापून ठिगळ लावलं तर एका चिरेचे चार जोड होतात.

भिंतीपाशी पाच-सहा मिमी कमी पडलं असेल तर त्या भागाचे खिळे सोडवा आणि नी किकरने (गुडघ्याने ढकलून ताण द्यायचं छोटं साधन) थोडं थोडं पुढे आणून पुन्हा अडकवा. त्याहून जास्त ओढलं तर ओळी वाकतात. १०-१२ मिमीपर्यंतची फट स्कर्टिंगच्या पायाशी गोल पट्टी लावून झाकता येते. त्यापलीकडे त्याच गुंडाळीतली, त्याच दिशेच्या लवेची पट्टी जोडावी लागते, आणि ती शक्यतो फर्निचरखाली जाईल अशा भिंतीला.

लूपचा धागा निघाला तर त्याला हात लावून ओढू नका. कात्रीने बाजूच्या उंचीला कातरा आणि मुळाशी लॅटेक्सचा थेंब सोडा.

काम संपल्यावर सगळ्यात मोठे दोन-तीन तुकडे, पाठीवरच्या बाणासकट, घडी न घालता गुंडाळून घरमालकाकडे ठेवा. पुढची दुरुस्ती त्यांतूनच व्हायची असते.